तळेगावचा कारखाना आणि करारात नसलेली माणसे

तळेगावच्या एमआयडीसीकडे वळणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. पहाटे साडेपाचला चौकात डबा घेऊन उभी असलेली माणसे पहिल्या पाळीला जातात. मावळातल्या घरांत ‘मुलगा कंपनीत पर्मनंट आहे’ या एका वाक्यावर सोयरीक जुळते आणि बँक घरासाठी कर्ज देते. त्यामुळे एखादी परदेशी कंपनी भारतातून बाहेर पडल्याची बातमी आली, की ते वाक्य ज्या घरांनी गृहीत धरले होते त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न माझ्या मनात सर्वांत आधी येतो.

जनरल मोटर्स या अमेरिकन मोटार कंपनीचा इथला कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. त्याआधी कंपनी गुजरातेतील हालोल येथे गाड्या बनवत होती, सुरुवातीला ओपेल आणि २००३ पासून शेव्हरोले या नावाने. मारुती आणि ह्युंदाई यांनी छोट्या गाडीचा ग्राहक घट्ट धरून ठेवला होता. जनरल मोटर्सने मात्र कधी जर्मन, कधी कोरियन, तर पुढे चिनी भागीदाराच्या घडणीची मॉडेले आणली आणि त्यांतून कोणतीही एक ठाम ओळख उभी राहिली नाही, असे माझे मत आहे. २०१३ मध्ये कंपनीच्या तवेरा या गाडीच्या उत्सर्जन चाचण्यांतील गैरप्रकार उघड झाला आणि सुमारे १ लाख १४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

तरीही २०१५ मध्ये कंपनीने भारतात १०० कोटी डॉलर गुंतवण्याची घोषणा केली होती. दोनच वर्षांनी, मे २०१७ मध्ये, त्याच कंपनीने वर्षअखेरीस देशातली विक्री थांबवत असल्याचे जाहीर केले. या दोन घोषणांमधले अंतर समजून घ्यायचे, तर तळेगावापेक्षा कंपनीचे मुख्यालय असलेल्या डेट्रॉइटकडे अधिक पाहावे लागते. कंपनीच्या प्रमुख मेरी बारा यांच्या नेतृत्वाखाली, गुंतवलेल्या पैशावर पुरेसा परतावा जिथे मिळत नाही तिथे केवळ उपस्थितीसाठी थांबायचे नाही, असे धोरण ठरले होते. त्याच वर्षी युरोपातील ओपेल फ्रान्सच्या पीएसए समूहाला विकली गेली, दक्षिण आफ्रिकेतील उत्पादन आवरले गेले आणि २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील होल्डन हे जुने नाव बंद करण्याचा निर्णय झाला. एकच हिशेब देशोदेशी लावला जात होता आणि भारत त्या वहीतील एक ओळ होता.

कंपनी निघते तेव्हा ती एका दिवसात निघत नाही. हालोलचा कारखाना २०१७ मध्ये बंद झाला आणि एमजी मोटरकडे गेला. तळेगाव मात्र चालू राहिले, कारण २०१६-१७ मध्ये देशात जेमतेम २६ हजार गाड्या विकल्या गेल्या असताना निर्यात सुमारे ७१ हजारांवर पोहोचली होती आणि मेक्सिकोसारख्या देशांत इथल्या बीट या छोट्या गाडीला मागणी होती. जानेवारी २०२० मध्ये चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सशी कारखान्याच्या विक्रीचा करार झाला. त्यानंतर एप्रिलमध्ये केंद्र सरकारने भारताला लागून जमिनीवरची सीमा असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला पूर्वपरवानगी सक्तीची केली, जूनमध्ये गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी चकमक घडली आणि ती परवानगी आलीच नाही. डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबले, तेव्हा कारखाना ना जुन्या मालकाला हवा होता, ना त्याला नवा मालक मिळत होता.

या अधांतरी काळाचा भार कामगारांवर पडला. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार एवढा मोठा कारखाना बंद करायला राज्य सरकारची परवानगी लागत असे. कारखाना बंद करण्याची ही परवानगी, एप्रिल २०२१ मध्ये सुमारे १,४०० कामगारांना दिलेला ले-ऑफ (काम नसल्याने घरी बसवणे) आणि भरपाईची रक्कम यांवरून कंपनी व कामगार संघटना यांच्यात दीर्घकाळ वाद चालला. २०२२ मध्ये ग्रेट वॉलचा करार संपुष्टात आला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने करार केला, तो जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्री यांचा. आम्हाला सामावून घ्या, ही कामगारांची मागणी होती, पण मालमत्तेच्या त्या यादीत माणसे नव्हती.

असे होणे अटळ नव्हते, म्हणून मला ते अधिक लागते. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा दहा वर्षांतील तोटा २०० कोटी डॉलरांहून अधिक असल्याचे सांगितले होते. म्हणजे तिथेही कारण तेच होते. परंतु फोर्डचा गुजरातेतील साणंदचा कारखाना टाटांनी ७२५.७ कोटी रुपयांना घेतला, तेव्हा वाहननिर्मितीतील सर्व पात्र कर्मचाऱ्यांना घेण्याचे कलम करारातच होते. कंपनीला बोलावताना राज्य सरकार जमीन आणि करसवलती देते, तेव्हा रोजगाराचा आकडा मोठ्या अक्षरांत छापला जातो. त्याच कागदावर, कारखाना विकला गेल्यास कामगारांचे काय, हे आधीच लिहून घ्यावे, एवढे मला मनापासून वाटते.

२०२५ मध्ये तळेगावातून ह्युंदाईची व्हेन्यू ही गाडी बाहेर पडू लागली. २००८ मध्ये पंचविशीत त्या फाटकातून आत गेलेला कामगार तोवर बेचाळीस वर्षांचा झालेला होता.