हिरवेगार पीक आणि दाण्यातले कॅडमियम

जमिनीत जड धातू साचले की पीक खुरटेल, पिवळे पडेल आणि धोका आपोआप लक्षात येईल, असा एक सर्वसाधारण समज आहे. तांबे आणि जस्त यांच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी खरा ठरतो, कारण त्यांचे प्रमाण खाणाऱ्याला अपायकारक होण्यापूर्वी बहुधा पीकच मान टाकते. शिसे मुख्यतः मुळांतच अडकून राहते. कॅडमियमचे मात्र तसे नाही: रोप तजेलदार दिसत असतानाही दाण्यातले त्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेलेले असू शकते.

रोपाला कॅडमियमची गरज नसते. ते शिरते ते दुसऱ्याच्या वाटेने. भाताची मुळे ज्या वाहक प्रथिनाद्वारे मँगनीज शोषून घेतात, त्याच प्रथिनातून कॅडमियमही आत येते. मग पेशी ग्लुटाथायोन या आपल्यातल्याच गंधकयुक्त रेणूपासून फायटोकेलेटिन नावाच्या छोट्या साखळ्या बनवतात, त्यांतील गंधक कॅडमियमला धरून ठेवते आणि हे बांधलेले कॅडमियम रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, कोंडले जाते. मुळांच्या पेशींत ही कोंडणूक जितकी पक्की, तितके दाण्यात कमी पोहोचते. या बाबतीत भाताच्या वाणावाणांत मोठा फरक आढळतो. अर्थात हा सारा बंदोबस्त रोपाने स्वतःसाठी केलेला असतो, आपल्यासाठी नव्हे.

सर्वांत अवघड पेच आहे तो पाण्याचा. खाचरात पाणी साचलेले असताना मातीतला प्राणवायू संपतो आणि कॅडमियम सल्फाइडच्या (गंधकाशी झालेल्या न विरघळणाऱ्या संयुगाच्या) रूपात अडकून पडते. पण दाणे भरण्याच्या सुमारास पाणी काढले की ते पुन्हा मोकळे होते. म्हणून पाणी ठेवावे, तर मातीतल्या आर्सेनिक या दुसऱ्या विषारी मूलद्रव्याचे आर्सेनाइट हे रूप होते आणि ते सिलिकॉनच्या वाहकांमधून भातात शिरते. दोन्ही धातू असलेल्या जमिनीत (आर्सेनिक काटेकोरपणे धातू नाही, पण चर्चेत त्याला तिथेच बसवतात) पाणी केव्हा काढावे, याचे सरसकट उत्तर देणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आम्लधर्मी जमिनीत चुना घालून सामू (pH) वाढवला, म्हणजे आम्लता कमी केली, की कॅडमियम कमी उचलले जाते. वाणाच्या बाजूने जपानमध्ये अधिक मूलगामी काम झाले. तिथे जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीच्या सांडपाण्यातून आलेल्या कॅडमियममुळे इताई-इताई हा हाडे ठिसूळ करणारा आजार पसरला होता, आणि 1968 साली सरकारने हे कारण मान्य केले. पुढे 2012 मध्ये तिथल्याच संशोधकांनी कोशिहिकारी या भाताच्या वाणावर आयन किरणांचा मारा करून जनुकांत बदल घडवले आणि मँगनीजचे ते वाहक प्रथिन निकामी झालेली रोपे निवडली. त्यांच्या दाण्यांत कॅडमियम जवळजवळ उतरलेच नाही; मँगनीजही घटले, तरी शेतातल्या चाचणीत उत्पादन मूळ वाणाच्या तोडीचे राहिले.