मंडप-भांड्यांच्या दुकानाची माहिती प्रणाली: माझा अनुभव

लातूर जिल्ह्यातल्या एका मंडप, भांडी, गाद्या भाड्यानं देणाऱ्या दुकानासाठी मी माहिती प्रणाली बसवली. मालकांची मागणी एका ओळीची होती: "कॉम्प्युटरवर बिल निघालं की झालं बगा." पण बिल हा या धंद्यातला सगळ्यात सोपा कागद. दुकान अडतं ते दोन ठिकाणी. दाट तिथीला तोच माल दोघांना कबूल होतो, आणि परत आलेल्या मालात नेमकं काय कमी आहे ते वेळेवर कळत नाही.

म्हणून प्रश्न विचारण्याआधी कागद गोळा केले: बुकिंगची डायरी, कार्बन लावून फाडलेली जावक चलनं, उधारीची वही. शिवाय गोदामाच्या भिंतीवर खडूनं लिहिलेले आकडे, कारण वहीत जे बसत नाही ते भिंतीवर जातं. डायरीतली खाडाखोड तर मुद्दाम वाचावी. "२०० खोडून २५०", "राहिलेल्या उद्या", "पाव्हण्याच्या नावावर" असं जिथं दिसलं, तिथं एकेक नियम सापडला. एका बुकिंगचा माल दोन-तीन खेपांत जातो, तसाच तुकड्यातुकड्यांनी परत येतो. नेणारा एक आणि पैसे देणारा दुसराच असतो. गावात एका नावाची चार माणसं निघतात आणि मोबाईल नंबर बदलतात, म्हणून ग्राहकाला स्वतंत्र क्रमांक दिला आणि 'कुणाच्या ओळखीनं' हा रकाना सक्तीचा केला. आधारच्या झेरॉक्स साठवणं मात्र बंद करायला लावलं. त्यांचा उपयोग काहीच नव्हता, जोखीम तेवढी होती.

संध्याकाळी गोदामात उभं राहिल्याशिवाय पुढचं कळत नाही. मालक सांगतात, गाडी आली की हिशेब होतो. प्रत्यक्षात छोटा हत्ती (छोटा टेम्पो) रात्री येतो, माल अंधारात उतरतो आणि मोजणी सकाळी धुतल्यावर होते. तोवर दोन घरच्या वाट्या एकत्र मिसळलेल्या असतात. त्यामुळे आवकीच्या नोंदीला 'उतरला' आणि 'मोजला' अशा दोन अवस्था ठेवल्या. 'मोजला' झाल्याशिवाय अनामत परत करता येत नाही. वाट्या, फुलपात्रं २५ च्या थप्पीनं मोजायची आणि संगणकाच्या पडद्यावर थप्प्या व सुटे नग वेगळे भरायचे. याला नोकरांनी कुरकुर केली नाही, कारण ते मोजतच तसं होते.

संगणकात माहिती साठवायची टेबलं, म्हणजे रकान्यांचे तक्ते, थोडी आहेत: ग्राहक, वस्तू, बुकिंग, बुकिंगच्या ओळी, जावक-आवक, पैसे. 'शिल्लक' हा आकडा कुठंही साठवायचा नाही. तो जावक-आवकीच्या नोंदींवरून दर वेळी काढायचा. साठवला की कुणीतरी तो हातानं 'नीट' करतो आणि मग चूक कुठं झाली ते शोधता येत नाही. भाड्याचा दर मात्र बुकिंगच्या ओळीत उतरवून ठेवायचा, नाहीतर दरवाढ केली की जुनी बिलंही बदलतात.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो माल मोकळा आहे का, हे काढण्यात. समजा एकूण ५०० खुर्च्या आहेत. एक बुकिंग २१-२२ तारखेचं २०० चं, दुसरं २४-२५ चं २५० चं. नवा ग्राहक २२ ते २४ साठी २५० मागतो. तारखा एकमेकींवर येणाऱ्या बुकिंगांची बेरीज केली तर ४५० होते, ५० उरतात आणि गिऱ्हाईक हातचं जातं. रोजचा हिशेब वेगळा काढा: २२ ला ३०० मोकळ्या, २३ ला ५००, २४ ला २५०. यातला सगळ्यात लहान आकडा धरायचा, म्हणजे २५० देता येतात. तारखाही लग्नाच्या धरायच्या नाहीत, माल बाहेर जाण्याच्या आणि परत हाती येण्याच्या धरायच्या. भांडी हळदीच्या स्वयंपाकालाच लागतात आणि आल्यावर धुऊन वाळायला एक दिवस जातो. म्हणून वस्तूच्या टेबलात 'तयारीचे दिवस' हा रकाना आहे. भांड्यांना १, खुर्च्यांना ०.

मंडप ही एक वस्तू नाही, सुट्या भागांची जुळणी आहे. १५ बाय १५ फुटांचा एक गाळा उभा करायला ४ खांब लागतात, पण लांबीला ४ आणि रुंदीला २ असे ८ गाळे असतील तर खांब ३२ नव्हे, १५ लागतात, कारण शेजारचे गाळे खांब वाटून घेतात. आडवे पाइप २२. सूत्र असं: खांब म्हणजे लांबीकडचे गाळे अधिक १, गुणिले रुंदीकडचे गाळे अधिक १. हे न घालता गाळ्यामागं ४ खांब धरले, तर गोदाम भरलेलं असताना पडदा 'माल नाही' म्हणतो.

पैशाच्या टेबलात इसार, अनामत, भाडं, नुकसान भरपाई आणि सूट असे पाच प्रकार आहेत. इसार भाड्यात वळता होतो, अनामत परत जाते. दोन्ही एका रकान्यात टाकले की महिन्याची कमाई फुगलेली दिसते. मालक ओळखीपोटी हरवलेल्या पातेल्याचे पैसे सोडून देतात. तिथं सूट नोंदवायची, पण पातेलं मालातून कमी झालंच पाहिजे. पैसे माफ झाले म्हणून भांडं गोदामात परत येत नाही. जीएसटीचा रकाना ठेवला, पण बंद. सेवेची वार्षिक उलाढाल साधारणपणे २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नसते, आणि नोंदणी नसताना कर लावता येत नाही.

बारकोडचा विचार सोडून दिला. घासणीपुढं स्टिकर टिकत नाही. सगळं एका लॅपटॉपवर, इंटरनेटशिवाय चालतं. रोज दुकान बंद करताना पेनड्राइव्हवर प्रत. सुरुवात चातुर्मासात केली, कारण तेव्हा लग्नं नसतात आणि भांडी गोदामातच असल्यानं पूर्ण मोजदाद करता येते. कार्तिकीनंतर पहिल्या तिथ्यांना वही आणि संगणक दोन्ही चालू ठेवले.

मालकांनी न मागितलेली एक गोष्ट मी घातली: बुकिंगच्या पडद्यावर 'नाही म्हटलं' हे बटण. माल नाही म्हणून गिऱ्हाईक परत गेलं की वस्तू, नग आणि तारीख एवढंच नोंदवायचं. हंगाम संपल्यावर नवी खरेदी काय करायची, ते याच यादीवरून ठरतं.