अ‍ॅनामॉर्फिक पॅन आणि उड्या मारणारे खांब: नदीपात्रातल्या चाचण्या

हेलिओस ४४-२ ही ५८ एमएमची जुनी लेन्स, तिच्यापुढे क्लॅम्पने बसवलेली थिएटरातली जुनी २एक्स अ‍ॅनामॉर्फिक (चित्र आडव्या दिशेने निम्म्यावर दाबणारी) प्रोजेक्शन लेन्स, मागे एपीएस-सी सेन्सरची कॅमेरा बॉडी. या जोडणीतून स्थिर शॉट आता मनासारखे मिळतात. दोन्ही लेन्सचा फोकस वेगवेगळा जुळवायचा कंटाळा येतो, पण हात बसलाय. अडलं होतं ते पॅनवर. कॅमेरा आडवा फिरवला की उभ्या कडा सरकण्याऐवजी टप्प्याटप्प्याने उड्या मारायच्या. म्हणून हल्ली रविवारी फक्त पॅन, दुसरं काही नाही.

चाचणीची जागा पुण्यातला मुठेवरचा झेड ब्रिज. तिथून नदीपात्रातले मेट्रोचे खांब ओळीने दिसतात. पुढे करडं काँक्रीट, मागे उजळ आकाश. जडर, म्हणजे पॅनमधल्या या उड्या, पकडायला याहून खडूस परीक्षक पुण्यात सापडणं अवघड, आणि पुण्यात खडूस परीक्षकांची वानवा नाही. फक्त संध्याकाळी तिथे ट्रायपॉड मांडायचा नाही. कठड्याशी बसलेली निम्मी जोडपी तोंड फिरवतात आणि उरलेली निम्मी आपल्याकडे रोखून बघतात. सकाळी लवकर जाऊन उरकायचं.

पॅनचा जुना ठोकताळा आपल्या सगळ्यांना पाठ असतो: सेकंदाला २४-२५ फ्रेम आणि १८० अंशांचं शटर (प्रत्येक फ्रेमच्या निम्मा वेळ उघडं) असेल तर एखादी वस्तू फ्रेमच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जायला साधारण सात सेकंद लागू द्यावेत. पण कुठल्या फ्रेमच्या कडा? १६:९ मध्ये शूट केलेली २एक्स फ्रेम डीस्क्वीझ केली (दाबलेलं चित्र पुन्हा ताणलं) की ३.५६:१ होते. एवढी लांबट पट्टी कोणी ठेवत नाही, दोन्ही बाजू कापून २.३९:१ वर आणतो. म्हणजे रुंदीचा जेमतेम ६७ टक्के भाग उरतो. मॉनिटरवर खांबाने सात सेकंद घेतले असले, तरी कापलेल्या फ्रेममधून तो ४.७ सेकंदांतच पसार होतो.

हे पिक्सेलमध्ये मांडलं की डोळे उघडतात. शेवटची फ्रेम ३८४० पिक्सेल रुंद धरा. २५ फ्रेमला सात सेकंदांच्या पॅनमध्ये खांब दर फ्रेमला सुमारे २२ पिक्सेल सरकतो, ४.७ सेकंदांच्या पॅनमध्ये ३३. शटर १८० अंश असेल तर त्यातलं निम्मं अंतर ब्लरने भरून निघतं आणि बाकीचे सोळा-सतरा पिक्सेल कोरे राहतात. जडर दिसतो तो या कोऱ्या फटीमुळे.

उपाय फुकटातला आहे. मॉनिटरच्या दोन्ही बाजूंनी रुंदीचा साधारण एक-षष्ठांश भाग काळ्या टेपने झाकला आणि सात सेकंद त्या टेपच्या आतल्या कडांमध्ये मोजायला लागलो. फरक लगेच दिसला. या जोडणीत आडवी फोकल लेन्थ २९ एमएम पडते आणि कापलेल्या फ्रेमचा आडवा दृश्यकोन ३० अंशांच्या आसपास. म्हणजे काटकोनात पॅन करायचा तर वीस सेकंदांहून जास्त. एवढा वेळ एडिटमध्ये कोण सहन करणार? त्यामुळे मी पॅनचा वेग वाढवण्यापेक्षा पॅनच आखूड केला. तीस-चाळीस अंशांत जे दाखवायचं ते दाखवायचं, नाहीतर कट मारायचा.

मग दोष लेन्सचा नाहीच का? शेवटची फ्रेम तीच आणि दृश्यकोनही तोच असेल, तर साध्या लेन्सवरही खांब तेवढ्याच उड्या मारतो. पण पुढे बसणारी अ‍ॅनामॉर्फिक दोन गोष्टींत भर घालते.

पहिली आपल्या लाडक्या अंडाकृती बोकेमधली, म्हणजे फोकसबाहेरच्या भागाच्या धूसरपणातली. डीस्क्वीझनंतर बोके उभा लांबट दिसतो, याचा अर्थ फोकसबाहेरची वस्तू उभ्या दिशेने जेवढी पसरते त्याच्या निम्मीच आडव्या दिशेने पसरते. म्हणजे मागच्या आडव्या कडा मऊ होतात आणि उभ्या कडा बऱ्यापैकी धारदार राहतात. आडव्या पॅनमध्ये उड्या मारणाऱ्या कडा नेमक्या उभ्याच! ५८ एमएमवर मागचे खांब विरघळतील असा हिशेब केला असेल, तर आडव्या दिशेने तो अर्धाच लागू पडतो. पुलावर हे स्वच्छ दिसलं: केबल आणि वरचा मार्ग मऊ, खांब मात्र टोकदार. आता फोकस खूप जवळच्या वस्तूवर ठेवतो, म्हणजे खांब आणखी विरघळतात.

दुसरी रोलिंग शटरची, म्हणजे सेन्सर चित्र एकदम न वाचता ओळीओळीने वाचतो त्याची. साध्या लेन्सवर २.३९ साठी वरचा-खालचा भाग कापून टाकतो, त्यामुळे उरलेल्या ओळी वाचायला सेन्सरला कमी वेळ लागतो. अ‍ॅनामॉर्फिकमध्ये सेन्सरची पूर्ण उंची चित्रात येते. तोच वेग आणि तोच दृश्यकोन असूनही खांब जास्त कलतात. हा जडर नव्हे, पण दोन्ही एकत्र आले की चित्र फारच गरीब दिसतं.

स्टॅबिलायझर (कॅमेऱ्याचं हलणं सावरणारी सोय) ट्रायपॉडवर बंद. कॅमेऱ्याला फोकल लेन्थचा एकच आकडा भरता येतो, आपल्याकडे उभी ५८ आणि आडवी २९. शिवाय पॅन सुरू होताना तो चित्र धरून ठेवतो आणि मग एकदम सोडतो. तो झटका पुढे कशानेच निघत नाही.

शटरबद्दल. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. २५ फ्रेमला १८० अंश म्हणजे १/५०, सुरक्षित. २७० अंश केलं तर एक्सपोजर ३/१०० सेकंद, तेही या लुकलुकीच्या पूर्ण पटीत बसतं. २४ फ्रेमवाल्यांनी हेच १७२.८ आणि २५९.२ अंशांवर मिळवावं. २७० अंशांवर ३३ पिक्सेलची उडी असली तरी कोरी फट आठ-नऊवर येते. चित्र किंचित लिबलिबीत होतं. मला चालतं, निसर्गदृश्यात तर फारच. माणूस चालत असेल तर नाही.

पाहायचं कशावर, हेही ठरवून घ्या. ६० हर्ट्झच्या लॅपटॉपवर २५ फ्रेम समान वाटल्या जात नाहीत. काही फ्रेम दोन रिफ्रेश टिकतात, काही तीन. शूटमध्ये नसलेले धक्के तिथे दिसतात. स्क्रीन ५० हर्ट्झवर टाकून आणि टीव्हीचं मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम स्वतः बनवणारी सोय) बंद करूनच निकाल द्या. रिझॉल्व्ह स्टुडिओ या एडिटिंग सॉफ्टवेअरमधला मोशन ब्लरही घालून पाहिला. झाडांवर ठीक, पण एकासारख्या एक खांबांच्या रांगेत कुठला खांब कुठे गेला याचा त्याला पत्ता लागत नाही आणि कडा वितळल्यासारख्या होतात.

ट्रायपॉडच्या हेडच्या हँडलला रबरबँड अडकवून ओढण्याची युक्ती पॅनच्या सुरुवातीला आणि शेवटाला कामी येते. पण आधी जोडणी तोलून घ्या. आमची पुढून इतकी जड आहे की प्लेट मागे सरकवून रॉडचा आधार दिल्याशिवाय हेड स्वतःच मान टाकतं.

कर्वे रोडला एका सायकलवाल्याबरोबर पॅन केला तेव्हा सात सेकंदांचा हिशेब पार मोडला होता, तरी शॉट पाहताना खटकत नाही. नजर सायकलवर खिळते आणि मागचे मेट्रोचे खांब खुशाल उड्या मारतात. या पद्धतीचे शॉट वाढवणार आहे. २७० अंश रात्रीच्या रस्त्यावर तपासायचं राहिलंय, आणि भर दिवसा ते वापरायला एनडी (प्रकाश कमी करणारा फिल्टर) लागणारच. हेलिओस आणि अ‍ॅनामॉर्फिकच्या मध्ये बसेल असा बारीक कडेचा ४९ एमएमचा एनडी कोणाकडे पडून असेल, तर एका रविवारपुरता उसना हवा आहे. डेक्कनला येऊन घेऊन जाईन, चहा माझ्याकडून.