चार, सोळा, चौसष्ट

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात मी संगणकाचं काम बघतो. पॅकिंगच्या याद्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असतात. एका ओळीत एक गाठ: नंबर, डिझाइन, साइज, नग. पार्टी बदलली की मध्ये रिकामी ओळ. गाठ दुसऱ्या पार्टीला वळवली तर तीच ओळ खाली पुन्हा येते, आणि खालचीच खरी धरायची.

त्या दिवशी ट्रक लागलेला असताना पॅकिंगच्या अक्कांनी हाक मारली. "दादा, सगळ्या पार्ट्या एकात एक झाल्यात की!" त्यांनी ईमॅक्समध्ये, म्हणजे आम्ही याद्या लिहितो त्या टेक्स्ट एडिटरमध्ये, दुबार ओळी काढायची कमांड चालवली होती. तिच्या लेखी रिकाम्या ओळीही एकमेकींच्या दुबारच, म्हणून पहिली सोडून बाकी सगळ्या गेल्या. शिवाय वळवलेल्या गाठी जुन्या पार्टीतच राहिल्या. अनडू करून यादी परत आणली, हातानं नीट केली, मगच गाठी चढल्या.

संध्याकाळी कमांडची माहिती वाचली. सोय सगळी आहे! कमांड चालवण्याआधी कंट्रोल-यू एकदा दाबलं तर शेवटची ओळ राहते, दोनदा दाबलं तर फक्त लागोपाठच्या दुबार ओळी जातात, तीनदा दाबलं तर रिकाम्या ओळी वाचतात. दर दाबाला आकडा चौपट होतो, 4, 16, 64, आणि कमांड नेमका तो आकडा तपासते. म्हणजे आम्हाला हव्या त्या दोन गोष्टी कीबोर्डवरून एकत्र मागताच येत नाहीत. मला मनापासून राग आला. गाठी मोजणाऱ्या बाईंनी हे 64 कुठून ओळखायचं?

मी वेगळी कमांड लिहिली. आधी ती होय-नाही विचारायची. अक्का प्रश्न न वाचताच 'वाय' दाबू लागल्या. मग कळांचा मेनू दाखवणारं ट्रान्झियंट घेतलं. मॅगिट या ईमॅक्सच्या एका पॅकेजसाठी योनास बर्नूली यांनी लिहिलेली ही लायब्ररी 28 व्या आवृत्तीपासून ईमॅक्समध्येच येते. आता स्क्रीनच्या तळाशी मराठीत पर्याय दिसतात, चालू असलेले ठळक, आणि आमचे दोन आधीपासूनच चालू. बदल नको असेल तर एकच कळ.

अक्कांनी मेनू बघितला आणि म्हणाल्या, "हे लागोपाठचं काढा, आपल्याला कधी लागत नाही. त्यापेक्षा कुठल्या ओळी जाणार ते आधी दाखवा की." पहिलं तिथंच काढलं. दुसऱ्यावर काम चालू आहे: जाणाऱ्या ओळी आधी रंगवायच्या, मगच पुसायच्या.