घटीचा हिशोब

वजनकाट्याची थर्मल कागदावरची पावती उन्हाळ्यात खिडकीजवळच्या ट्रेमध्ये पडून राहिली की काही महिन्यांत कोरी होते. आधी तारीख विटते, मग गाडीचा नंबर, आणि ऑडिटर येईपर्यंत फाइलला लावलेला नुसता गुळगुळीत पांढरा तुकडा उरतो. म्हणून नाशिकजवळच्या अंबडच्या एखाद्या चिवडा-फरसाणाच्या कंपनीत बी.कॉम.चा मुलगा अकाउंट्सला इंटर्न म्हणून आला की पहिलं काम पदरात पडतं ते पावत्यांच्या झेरॉक्स काढण्याचं. टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, घुसायच्या तयारीने आलेला असतो बिचारा, तोंड उतरतं. पण खाद्यकंपनीचा हिशोब सुरू होतो तो त्या चिठोऱ्यापासूनच, संगणक नंतर येतो, असं माझं ठाम मत आहे.

सकाळी सिटीलिंकच्या बसमधून उतरून पोरगं टेबलाशी पोचतं तेव्हा आदल्या दिवशीचे कागद टाचून ठेवलेले असतात. परचेस ऑर्डर, स्टोअरचं जीआरएन (आलेल्या मालाची पोच) आणि पुरवठादाराचं बिल. भाव ऑर्डरशी जुळला पाहिजे, वजन जीआरएनशी, मगच एंट्री. सांगायला एवढंच, पण पोह्यांचं बिल हातात घ्या. शंभर पोती, पन्नास किलोचं एक, म्हणजे पाच हजार किलो. जीआरएन म्हणतं ४,९४२. चोरी? नाही, बारदान. तागाचं पोतं रिकामंसुद्धा अर्ध्या किलोच्या वर भरतं. ५८० ग्रॅम धरले तर शंभर पोत्यांत ५८ किलो ताग आपण पोह्यांच्या भावाने घेतो. प्लॅस्टिकच्या गोणीत हाच फरक दहा-बारा किलोंवर येतो. तेव्हा वजन बारदानासकट की निव्वळ, हे ऑर्डरवरच लिहून घ्यावं. नंतर फोनवर भांडून पैसे कापल्याची डेबिट नोट पाठवण्यात अख्खी सकाळ जाते.

काट्याच्या तऱ्हा आणखी वेगळ्या. भरलेली गाडी तोलायची, माल उतरवून रिकामी तोलायची, मधला फरक तो माल. भरल्या गाडीत ड्रायव्हर केबिनमध्ये बसलेला आणि रिकामी तोलताना तो चहाला गेलेला असेल, तर सत्तर किलोंचा ड्रायव्हर शेंगदाण्याच्या भावाने खरेदीत जमा होतो. ‘दादा, खाली उतरा’ असं दोन्ही वेळा म्हणणारा वॉचमन कंपनीला किती वाचवतो हे कुठल्याच खात्यात दिसत नाही. पावसाळ्यात ताडपत्रीवरचं पाणीही असंच तोललं जातं. शिवाय ट्रकचा काटा पाच किंवा दहा किलोंच्या टप्प्यानेच आकडा दाखवतो. मसाल्याच्या धन्यांची चार पोती त्यावर चढवण्यात अर्थ नाही, ती स्टोअरच्या छोट्या काट्यावरच तोलावीत.

तेलाचा डबा मात्र नव्या माणसाला हमखास फसवतो. बाजारात पंधरा लिटरचाही डबा येतो आणि पंधरा किलोचाही. तेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे पंधरा लिटरच्या डब्यात तेल १३.६५ किलो. बिलावर ‘४० टिन’ एवढंच असतं. टॅलीत ते ६०० किलो म्हणून चढवलं, तर प्रत्यक्षात आलेलं तेल ५४६ किलोच. महिनाअखेरीच्या मोजणीत ५४ किलो तेल ‘गायब’, आणि स्टोअरचे काका विनाकारण बोलणी खातात. डब्याचं लेबल बघायला स्टोअरपर्यंत चालत जावं. दोन मिनिटं लागतात.

एकदा माल आत आला की तो आहे तेवढा राहत नाही, ही खरी गंमत. लोखंडाच्या कारखान्यातली सळई रात्रभरात वाळत नाही, कांदा वाळतो. लासलगावहून आणलेला उन्हाळी कांदा चाळीत असला तरी आणि गोदामात असला तरी पाणी सोडतच असतो. वर कोंब येतात, काही सडतो. सोलून, चिरून, वाळवला की शंभर किलोंतले जेमतेम दहा-बारा हाती लागतात. उलट पोहे तळले की तेल पिऊन वजनाला चढतात. त्यामुळे घातलेलं सामान आणि निघालेला चिवडा यांची नुसती बेरीज-वजाबाकी केली तर काहीच कळत नाही. प्रत्येक जिनसेची घट-वाढ वेगळी धरावी लागते. नेहमीची घट उरलेल्या मालाच्या किमतीत मुरवायची, नेहमीबाहेरची थेट नफा-तोट्यात टाकायची. पुस्तकात हे अर्ध्या पानात आटोपतं. तळणीवर नेहमीची कुठली आणि जादाची कुठली, हे सुपरवायझरला विचारल्याशिवाय समजत नाही, आणि तो आकडा गोल करूनच सांगतो.

घरोघरी दिवाळीचा चिवडा होतो तेव्हा कोण मोजतं? पातळ पोहे गच्चीवर जुन्या साडीवर पसरलेले. राखणीला बसवलेलं कार्टंच मूठ-मूठ तोंडात टाकतंय. तळलेल्या खोबऱ्याच्या कापांची तर परातीत पडायच्या आतच वाटणी होते. ‘अगं, डबा भरला नाही’ म्हणून आजी थोडे पोहे आणखी भाजायला घेते. ‘नॉर्मल लॉस’ची, म्हणजे नेहमीच्या घटीची, यापेक्षा सोपी व्याख्या मला तरी ठाऊक नाही.

कारखान्यात मात्र उलटी घटही असते आणि ती कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. पाकिटावर २०० ग्रॅम छापलंय म्हटल्यावर कमी भरून चालत नाही, म्हणून मशीन जरा वरच लावतात. २०४ ग्रॅम भरलं, तर दहा हजार पाकिटांमागे चाळीस किलो चिवडा फुकट गेला. पॅकिंगच्या रजिस्टरातली तासातासाची वजनं इंटर्नने आठवडाभर एका एक्सेलमध्ये उतरवावीत. या एका तक्त्याने साहेब जेवढे खूश होतात तेवढे शंभर व्हाउचरांनी होत नाहीत.

जेवणानंतर नंबरांचं काम. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा, सुरुवात २७ ने असली की महाराष्ट्र, २४ म्हणजे गुजरात. शेंगदाणे गुजरातच्या पुरवठादाराचे आणि कर परराज्याच्या आयजीएसटीऐवजी राज्यातल्या खरेदीच्या सीजीएसटी-एसजीएसटीत टाकला, की क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकलंच. खाद्यपदार्थाच्या बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, चौदा आकडी नंबरही लागतो. दोन्ही नंबर एकमेकांच्या रकान्यात जाऊन बसतात. महिन्याच्या १४ तारखेला टू-बी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांचा जीएसटी पोर्टलवरचा तक्ता, तयार झालं की पोर्टलवरची बिलं आणि आपली बिलं ताडून बघायची. निम्मा घोळ बिल नंबरातला निघतो. त्यांच्याकडे ‘००४५’, आपल्याकडे ‘४५’.

वितरकांकडून परत आलेला माल हे आणखी एक दुखणं. २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅकबंद फरसाण-चिवड्यावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. आधी विकलेली पाकिटं मुदत संपवून नंतर परत आली, तर त्यांची क्रेडिट नोट, म्हणजे वितरकाला पैसे परत जमा केल्याची चिठ्ठी, मूळ बिलाच्या दरानेच, म्हणजे १२ नेच काढायची. म्हणून प्रत्येक खोक्यामागचं जुनं बिल शोधा. तो माल नष्ट केला की त्यासाठी लागलेल्या तेला-मसाल्यावर घेतलेलं क्रेडिटही उलटवावं लागतं. हे हमखास राहून जातं.

आणि चुकलं तर गुपचूप पुसायची सोय नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग सक्तीचा आहे; कुणी, कधी, काय बदललं ते राहतंच. तेव्हा दुरुस्तीखाली सरळ कारण लिहावं. ‘लिटरऐवजी किलो घेतले होते’ एवढं पुरतं.

महिन्याच्या शेवटी इंटर्नच्या विद्यावेतनाचं व्हाउचरही बहुधा त्याच्याच हातून तयार होतं. खातं ‘स्टायपेंड’. रक्कम टाकताना कुणीही जरा थांबतं, दोनदा वाचतं. मग सहीसाठी साहेबांच्या ट्रेमध्ये टाकायचं. साहेब सोमवारी बघतील.