नवी गाडी, बाहेरचा विमा आणि अडवून ठेवलेला चेसिस क्रमांक

लातूरसारख्या शहरात राहून कॉम्पॅक्ट एसयूव्ही निवडणे फारसे अवघड नाही. अवघड आहे ते त्या गाडीचा विमा स्वतःच्या मर्जीने घेणे. 2025 च्या नवरात्रात मी या सगळ्यातून गेले. गाडी आता अंगवळणी पडली आहे, तरी त्या शोरूमच्या विमा विभागाची आठवण झाली की मला आजही संताप येतो, आणि माझ्या जागी उद्या उभ्या राहणाऱ्या माणसाला निदान शोरूमवाल्यांचे कोणते उत्तर खरे आणि कोणते खोटे हे आधी कळावे म्हणून हे लिहीत आहे. गाडीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण आमच्या भागात कंपनी सांगितली की विक्रेता कोण हे लगेच कळते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. सासर केज तालुक्यात, मांजरा नदीच्या काठच्या गावात आहे आणि महिन्यातून दोन-तीनदा तिकडे जाणे होते. आमची जुनी हॅचबॅक आखाड्याकडे जाणाऱ्या पांदणीवर खालून घासत असे आणि सासूबाईंना गुडघ्यांमुळे तिच्यात खाली वाकून बसणे जमत नसे. त्यामुळे जमिनीपासूनची उंची आणि कमरेच्या पातळीवर येणारे आसन या दोन गोष्टी आम्ही सर्वांत वर ठेवल्या. सासूबाईंना प्रत्येक शोरूममध्ये सोबत नेले, त्यांना स्वतः चढू-उतरू दिले आणि ज्या गाडीत त्या कुणाचा हात न धरता बसल्या ती पक्की केली. सनरूफचा विचारच केला नाही. मे महिन्यातल्या आमच्या उन्हात त्या काचेचा उपयोग काय, हे मला अजून कुणी पटवून दिलेले नाही.

इंजिनाच्या बाबतीत कराचा नियम समजून घेणे फायद्याचे ठरले. या वर्गातील बहुतेक गाड्या चार मीटरच्या किंचित आत का असतात, याचे उत्तर रस्त्यावर नसून करात आहे. लांबी 4000 मिलिमीटरपर्यंत आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत, किंवा डिझेल इंजिन 1500 सीसीपर्यंत असेल तरच गाडी लहान गाडीच्या जीएसटी दरात बसते. 22 सप्टेंबर 2025 पासून हा दर 18 टक्के झाला. त्याआधी अशा पेट्रोल गाडीवर उपकरासह 29 आणि डिझेलवर 31 टक्के जीएसटी होता. दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. मारुती ब्रेझा चार मीटरच्या आत आहे, पण तिचे पेट्रोल इंजिन 1462 सीसीचे असल्यामुळे ती मोठ्या गाड्यांच्या 40 टक्क्यांत जाते. टाटा नेक्सॉनची 1199 सीसीची पेट्रोल आणि 1497 सीसीची डिझेल ही दोन्ही इंजिने मात्र 18 टक्क्यांत बसतात. आमचे रोजचे जाणे-येणे शहरातल्या शहरात असल्यामुळे डिझेल आम्ही सोडले. बीएस-6 या प्रदूषण मानकाच्या डिझेल गाडीतील काजळी अडवणारा फिल्टर साफ राहण्यासाठी गाडी अधूनमधून सलग लांब पळावी लागते. शिवाय महाराष्ट्रात डिझेल गाडीचा एकरकमी वाहनकरही पेट्रोलपेक्षा जास्त आहे. पेट्रोलला 10 लाखांपर्यंत 11 टक्के आणि त्यापुढे 20 लाखांपर्यंत 12 टक्के लागतात. आम्हाला हवे असलेले मॉडेल आधी दहा लाखांच्या थोडे वर होते, नव्या दरामुळे ते खाली आले, आणि जीएसटीसोबत वाहनकराचा टप्पाही उतरला. म्हणूनच बीजक 22 सप्टेंबरनंतरच्या तारखेचे हवे, हे मी बुकिंगच्या पावतीवर लिहून घेतले.

येथपर्यंत सर्व सुरळीत होते. त्यानंतर कोटेशन हातात आले.

त्या कागदावर विमा या शब्दापुढे एकच ठोक रक्कम होती. तिची फोड मागितली तेव्हा विक्री प्रतिनिधीने माझ्याकडे न पाहता माझ्या यजमानांना सांगितले, "सर, ते सिस्टीममधून येतं, त्यात काही बदलत नाही." गाडी मी चालवणार होते, कर्ज माझ्या पगारावर होते, म्हणून मी पुन्हा विचारले आणि फोड मिळेपर्यंत उठले नाही. फोड पाहिल्यावर चित्र स्पष्ट झाले. नव्या खासगी कारला तीन वर्षांचा तृतीयपक्षी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणारा विमा, सक्तीचा आहे आणि त्याचा हप्ता सरकार ठरवते. 1000 ते 1500 सीसीच्या गाडीसाठी 2022 च्या अधिसूचनेनुसार तो 10,640 रुपये आणि वर जीएसटी असा आहे. तो कुठेही घेतला तरी तेवढाच. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, आणि त्यांच्या कागदावर नेमका तोच भाग फुगलेला होता. त्यात झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांची घट न कापता भरपाई, होते, किल्ली हरवल्यास भरपाई होती, पण इंजिन संरक्षण नव्हते.

इंजिन संरक्षणाचा आग्रह मी का धरला, हे सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. त्या महिन्यात मांजरा, तेरणा, सिंदफणा आणि गोदावरी या नद्यांनी जे रूप दाखवले, त्यात आमच्या गावाकडचा कमी उंचीचा पूल पाण्याखाली गेला होता आणि शेजारच्या शिवारांत सोयाबीन उभे सडत होते. अशा पाण्यात गाडी घातली आणि हवेच्या मार्गाने पाणी सिलिंडरमध्ये शिरले, तर पाणी दाबले जात नसल्यामुळे इंजिनाचा कनेक्टिंग रॉड वाकतो. साधी पॉलिसी हे नुकसान सहसा भरून देत नाही, कारण विमा कंपन्या ते पुरामुळे थेट झालेले नुकसान न मानता नंतर गाडी चालू केल्याचा परिणाम मानतात. (पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करून पाहू नये, ती ओढूनच न्यावी, हे घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला सांगून ठेवा.) ज्या भागात पूल बुडतात त्या भागात किल्लीचा विमा देऊन इंजिनाचा वगळणे मला मान्य नव्हते.

दुसरी बाब त्याहून संतापजनक होती. दावा न केल्याबद्दलची सवलत, म्हणजे नो-क्लेम बोनस, गाडीला नव्हे तर मालकाला मिळते. जुन्या गाडीवर सलग पाच वर्षे दावा नसेल तर ती 50 टक्क्यांपर्यंत जाते, आणि जुनी गाडी विकल्यावर आधीच्या विमा कंपनीकडून तसे पत्र घेतले की नव्या गाडीच्या हप्त्यात वापरता येते. पत्र तीन वर्षे चालते. आम्ही जुनी गाडी याच शोरूमला बदल्यात दिली होती, तिची पॉलिसी त्यांच्या समोर होती, तरी एकाही माणसाने या सवलतीचा शब्द काढला नाही. मी बाहेरून दर घेतले तेव्हा इंजिन संरक्षण जोडूनही रक्कम त्यांच्यापेक्षा बरीच कमी आली.

मी बाहेरचा विमा आणणार असे सांगितल्यावर उत्तरे दर भेटीत बदलत गेली. आधी म्हणाले, रोख सवलत रद्द होईल. मी हिशेब मांडला, सवलत वजा करूनही बाहेरचे स्वस्त पडत होते. मग म्हणाले, आमच्या वर्कशॉपमध्ये कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचे बिल विमा कंपनीने परस्पर भरणे, मिळणार नाही. प्रत्यक्षात कॅशलेस हे विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातील करारावर चालते, पॉलिसी कुणाच्या टेबलावर काढली त्यावर नाही. मी निवडलेल्या कंपनीच्या यादीत त्यांचेच वर्कशॉप होते आणि ती यादी मी त्यांना दाखवली. तेव्हा विमा विभागाच्या प्रमुखाने सांगितले, "मॅडम, बाहेरच्या पॉलिसीवर पासिंग अडकलं तर आम्हाला म्हणू नका." यातही तथ्य नव्हते. नोंदणीला वैध पॉलिसी लागते, ती कोणत्याही मान्यताप्राप्त विमा कंपनीची चालते. विक्रेत्यांनी विमा विकण्याबाबत विमा नियामकाचे मार्गदर्शक नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू आहेत आणि त्यांत ग्राहकावर सक्ती करता येत नाही.

यानंतर त्यांनी जे केले ते माझ्या मते सर्वांत वाईट होते, कारण त्यात उघड नकार कुठेच नव्हता. नव्या गाडीची पॉलिसी काढायला चेसिस क्रमांक, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला ओळख क्रमांक, आणि इंजिन क्रमांक लागतो. तो त्यांनी द्यायचाच नाही असे ठरवले. कारणे अशी: गाडी यार्डात आली आहे, पण वाटप, म्हणजे कोणती गाडी कुणाला हे, झालेले नाही. वाटप झाले आहे, पण पूर्ण रक्कम आल्याशिवाय क्रमांक निघत नाही. रक्कम भरली की त्याच दिवशी आमचा विमा सिस्टीममधून आपोआप होतो. म्हणजे पैसे दिल्याशिवाय क्रमांक नाही, आणि पैसे दिले की बाहेरच्या विम्याला वेळच नाही. दसरा 2 ऑक्टोबरला होता, त्या दिवशी गांधी जयंतीची सुट्टी, म्हणून मुहूर्तावर गाडी हवी असेल तर पासिंग त्याआधी व्हायला हवे, हे ते मला प्रत्येक फोनवर आठवण करून देत होते. जीएसटी कमी झाल्यामुळे शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि अशा गर्दीत एखादे गिऱ्हाईक शेवटी कंटाळून सही करते हे त्यांना चांगले माहीत होते.

घरात दोन मते झाली. यजमान म्हणाले, चार-सहा हजारांसाठी सणाचा विरस नको. सासूबाईंना गाडीची पूजा दसऱ्यालाच करायची होती. मी दोघांना एवढेच म्हटले की प्रश्न हजारांचा उरलेला नाही, उद्या पुलावर इंजिन गेले तर खर्च लाखात असेल. सासूबाईंनी शांतपणे मान्य केले, "दिवाळीलाबी पूजा होतेच की," आणि माझा मार्ग मोकळा झाला.

मग मी दोन गोष्टी केल्या आणि त्या दोन्ही कामी आल्या. बँकेच्या शाखाधिकाऱ्यांना भेटून लेखी विनंती केली की चेसिस क्रमांक असलेले बीजक माझ्याकडून येईपर्यंत कर्जाची रक्कम शोरूमच्या खात्यात जमा करू नये. आणि गाडीच्या कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल लिहिली, शोरूमच्या व्यवस्थापकाला प्रत देऊन: बुकिंगची तारीख, प्रत्येक भेटीत मिळालेले उत्तर, आणि शेवटी एकच मागणी, की बाहेरचा विमा स्वीकारत नसाल तर तसे लेखी द्यावे. लेखी नकार द्यायला कुणीही तयार होत नाही. ईमेलनंतर आवाज बदलला, आणि दसरा उलटून गेल्यावर एका दुपारी दोन्ही क्रमांकांचा फोटो माझ्या मोबाइलवर आला. पॉलिसी त्याच संध्याकाळी निघाली. पॉलिसीवर कर्ज देणाऱ्या बँकेचे नाव आले आहे की नाही हे तेव्हाच पाहून घ्यावे. ते राहिले तर नंतर दुरुस्ती करत बसावे लागते. जे पासिंग अडकणार होते ते काही दिवसांत विनासायास झाले. हँडलिंगच्या, म्हणजे गाडी हाताळण्याच्या खर्चाच्या, नावाखाली लावलेली रक्कमही मी त्याच झटक्यात काढायला लावली, आणि याचा मला आजही अभिमान वाटतो.

गाडी ताब्यात घेताना नमुना 22 (फॉर्म 22) हे गाडी बनवणाऱ्या कंपनीचे प्रमाणपत्र जरूर पाहावे, त्यात निर्मितीचा महिना आणि वर्ष असते. टायरच्या बाजूवरील शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. नंबर प्लेट लागल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये, नव्या गाडीसाठी कायदाच तसा आहे.

वापराबद्दल मी समाधानी आहे, पण एक गैरसमज दूर करायला हवा. ही उंच दिसणारी गाडी पुढच्या दोनच चाकांवर चालते. पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानात तिची उंची काहीही उपयोगाची नाही. चिकट माती टायरच्या खाचांत भरली की चाक जागीच फिरते. आम्ही पावसाळ्यात गाडी डांबरी सडकेवर ठेवतो आणि आखाड्यापर्यंत चालत जातो. कोरड्या पांदणीवर मात्र ती कुठेही घासत नाही, आणि तेवढ्यासाठीच ती घेतली होती. मागे तीन मोठी माणसे बसवून पुण्यापर्यंत जाणे दाटीचे होते. चार मीटरची मर्यादा तिथे जाणवते. गळीत हंगामात रात्री मागचे दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, म्हणून चाचणी फेरी अंधार पडल्यावरही एकदा घ्यावी आणि हेडलाइटचा उजेड पाहावा. शोरूमवाले दिवसाचीच वेळ देतात, आग्रह धरला की संध्याकाळची मिळते. सुरक्षेचे तारे पाहताना भारत एनकॅपने, म्हणजे गाडी आदळवून सुरक्षा तपासणाऱ्या चाचणीने, नेमके कोणते मॉडेल तपासले तेही वाचावे. ही चाचणी ऑक्टोबर 2023 पासून आपल्याकडे होते.

आणखी एक आठवले. नव्या गाडीचा तृतीयपक्षी विमा तीन वर्षांचा असला तरी स्वतःच्या नुकसानीचा भाग पहिल्या वर्षाअखेर संपतो, आणि पॉलिसीवर तीन वर्षांची तारीख ठळक छापलेली असल्यामुळे ते अनेकांच्या लक्षात येत नाही. माझे नूतनीकरण पावसाळ्याच्या शेवटाला येते, तेव्हा ती तारीख मी वेगळी लिहून ठेवली आहे. नूतनीकरणाच्या वेळी इंजिन संरक्षण पुन्हा मागून घ्यावे लागते. न मागता ते जोडले जाईल असे गृहीत धरू नये.