पाच उंदरांची पिवळी फुप्फुसे

ऊतक टिकवणाऱ्या बॉइनच्या द्रावणात रात्रभर बुडवून ठेवलेले उंदराचे फुप्फुस हळद माखल्यासारखे पिवळे होते आणि त्यावर पसरलेल्या कर्करोगाच्या गाठी पांढुरक्या होऊन उठून दिसतात. मार्च २००८ मध्ये एका संध्याकाळी अशी दहा फुप्फुसे मी सूक्ष्मदर्शकाखाली फिरवून फिरवून मोजली. जो आकडा आला तो मला पटला नाही, आणि त्यापुढे मी जे वागले ते अजून मनातून जात नाही.

अर्बुदाला, म्हणजे कर्करोगाच्या गाठीला, स्वतःच्या रक्तवाहिन्या मिळाल्या नाहीत तर ते एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढत नाही, हा अमेरिकन शल्यविशारद ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलेला विचार आमच्या क्षेत्राचा पाया आहे. अर्बुदातल्या वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात, त्यांना बाहेरून आधार देणाऱ्या पेशी सैल सुटलेल्या असतात, आणि त्याच फटींतून कर्कपेशी रक्तात शिरतात. त्यामुळे वाहिन्या रोखल्या की अर्बुदाचे अन्नही तुटेल आणि बाहेर पडायची वाटही बंद होईल, असे मी धरून चालले होते. इतके की प्रकल्पाच्या अर्जात ते मी गृहीतक म्हणूनसुद्धा लिहिले नव्हते, वस्तुस्थिती म्हणून लिहिले होते.

दहा माद्यांच्या स्तनातल्या मेदात आम्ही ४टी१ जातीच्या, म्हणजे उंदराच्याच स्तनाच्या कर्करोगाच्या, पेशी टोचल्या होत्या. हे काम सर्वस्वी हाताचे आहे: सुई जराशी खोल गेली तर पेशी पोटाच्या पोकळीत उतरतात, उथळ राहिली तर कातडीखालीच गाठ धरते, आणि दोन्ही वेळा पुढच्या महिनाभराचे कष्ट पाण्यात जातात. माझा हात या कामात चांगला होता, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. पाच माद्यांना वाहिन्यांची वाढ रोखणारे औषध रोज नळीने पाजले, पाचांना औषधाविना नुसते द्रावण. औषध घेतलेल्यांच्या मूळ गाठी लहान राहिल्या, कापल्यावर फिकट दिसल्या, आणि सीडी३१ या रक्तवाहिन्यांच्या पेशींवरच्या प्रथिनाच्या रंजनात जिथे तपकिरी जाळे दिसायला हवे तिथे तुरळक ठिपके होते. आमचे सर खूश झाले. सर्वांत दाट वाहिन्यांचा भाग निवडून तिथेच मोजायचे, ही रूढ पद्धत मला कधीच पुरती आवडलेली नाही, कारण तो भाग निवडणाऱ्याला आपल्याला काय हवे आहे ते आधीच ठाऊक असते. पण त्या दिवशी मी तक्रार केली नाही.

तक्रार केली ती फुप्फुसांबद्दल. औषध घेतलेल्या पाचांपैकी चौघींच्या फुप्फुसांवर गाठी उघड उघड जास्त होत्या. मी तडक आमच्या संशोधक विद्यार्थ्याला बोलावले आणि पिंजऱ्यांची अदलाबदल झाली का, असे विचारले. विचारले म्हणजे सुनावलेच. "मॅडम, कानांच्या खुणा आपण दोघांनी मिळून तपासल्या होत्या," तो म्हणाला, आणि ते खरे होते. डब्यांवरची लेबले न झाकता मोजायला बसले ही चूक मात्र माझी होती, आणि ती मी त्याला बोलून दाखवली नाही. सरांनी एका वाक्यात विषय मिटवला: "पाच उंदरांवर काही ठरत नसतं, मूळ गाठ कमी झाली तेवढं लिहा." एकतीस मार्चपर्यंत खर्चाचा हिशेब पाठवायचा होता, आणि पुढच्या तुकडीसाठी मागवलेली प्रतिद्रव्ये मुंबईच्या कस्टममध्ये इतके दिवस पडून राहिली की हातात आलेल्या खोक्यात कोरड्या बर्फाचा मागमूसही नव्हता. प्रयोग पुन्हा झाला नाही.

मार्च २००९ मध्ये 'कॅन्सर सेल' या संशोधनपत्रिकेच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले: वाहिन्या रोखणाऱ्या औषधांमुळे उंदरांमध्ये कर्करोग अधिक आक्रमक होऊन दूरवर पसरू शकतो. प्राणवायू तुटलेल्या पेशी नुसत्या मरत नाहीत, त्यांतल्या काही जागा सोडायला शिकतात, असा एक खुलासा त्यानंतर पुष्कळ अभ्यासला गेला. माझी मोजणी त्यामुळे बरोबर ठरते असे मी म्हणत नाही. त्यांचे प्रयोग वेगळ्या आखणीचे होते आणि माझे उंदीर पाचच होते. बेव्हॅसिझुमॅब या वाहिन्या रोखणाऱ्या औषधाची स्तनाच्या कर्करोगासाठीची मान्यता अमेरिकेत २०११ मध्ये काढून घेतली गेली, तिच्याशीही माझा आकडा जोडणे गैर ठरेल, कारण तिथे प्रश्न रुग्णांचे आयुष्य न वाढण्याचा आणि दुष्परिणामांचा होता.

गेल्या वर्षी कपाट आवरताना त्या प्रयोगाची वही सापडली. त्या मुलाच्या स्वच्छ अक्षरात दहाही उंदरांच्या कानांच्या खुणा, पिंजऱ्यांचे क्रमांक आणि तारखा होत्या. त्याच पानाच्या समासात माझ्या लाल शाईत लिहिले होते, "पिंजऱ्यांची अदलाबदल झाली असावी", आणि त्याखाली त्याने निमूटपणे केलेली सही होती.